आरशातून दिसणारा बाजार

गिऱ्हाइकाच्या गळ्याशी वस्तरा टेकवून तो मध्येच थांबायचा. "जरा दम धरा, शेअर हालू लागलाय," म्हणायचा आणि आरशाला टेकवलेल्या फोनकडे बघत राहायचा. खुर्चीतला माणूस बिचारा थुंकीसुद्धा गिळायचा नाही. आपल्या जिवापेक्षा दुसऱ्याचा शेअर महत्त्वाचा, असे प्रसंग तुमच्यावरही आले असतील.

मांजरसुंब्याच्या फाट्यावर माझं मेडिकल आणि रस्त्यापलीकडे बरोबर समोर त्याचं सलून. रस्ता रुंद होणार म्हणून त्याचं दुकान पाडायचं ठरलं, भरपाई म्हणून मावेजाही मिळाला. पण मागच्या गल्लीत नवा गाळा घ्यायला तो पुरत नव्हता. मग यानं सगळा मावेजा एकाच शेअरात घातला. पन्नास बड्या कंपन्यांच्या निर्देशांकात त्या वर्षी सगळ्यांत जास्त वाढलेला तो शेअर होता.

"अरे, पन्नास कंपन्या हायत, एकीतच कावून घातलं सगळं?" मी विचारलं.

"शेठ, बैल घ्यायचा तर एक नंबरचा घ्यावा. पन्नास बैल बांधू कुठं?"

यंदाचा पहिला पुढच्या वर्षी पहिला येतोच असं नाही, एवढं मला कळत होतं. पण मी पडलो गोळ्या विकणारा.

शेअर थोडा चढला आणि मग घसरायला लागला. त्याच दिवसांत एका गुरुजींची हनुवटी कापली. तुरटीनं रक्त थांबलं, बातमी थांबली नाही. खुर्चीत बसण्याआधी लोक बाजार विचारू लागले. पडलेला असला की नुसते केस कापून जायचे.

एका सकाळी त्यानं फोन माझ्या काउंटरवर आणून ठेवला.

"हे भूत तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्या. माझा हात बिघडलाय. लईच पडलं तर सांगा, न्हाईतर बोलू नका."

भूत माझ्या मानगुटीवर बसलं. दोनदा मागितल्याशिवाय कुणाला औषध मिळेना. तो माझ्याकडे पाठ करून दाढी करायचा, पण त्याच्या आरशात माझं काउंटर दिसतं हे माझ्या हळूहळू लक्षात आलं. तो बाजार माझ्या तोंडावर वाचत होता.

दुकानावर पाडापाडीची खूण झाली, त्याच आठवड्यात शेअर सकाळपासून कोसळू लागला. त्याच्या वस्तऱ्याखाली एक म्हातारा होता. त्याची दाढी होईस्तोवर तरी कळू नये म्हणून मी आरशाकडे बघून चांगला तोंडभर हसलो.

त्यानं दाढी पुरी केली, म्हाताऱ्याचं तोंड पुसलं आणि रस्ता ओलांडून आला.

"आना फोन. विकून टाकतो."

"मी तर काहीच बोललो न्हाई."

"शेअर वर गेला तरी तुमी तोंड आंबट करूनच बसता. आज हसलात. म्हनलं, बुडालो."

विकताना त्याचा अंगठा स्थिर होता.

तो अगदीच बुडाला नाही. शेअर पुढेही पडतच राहिला. पण मागच्या गल्लीतला गाळा हातचा गेला. उरलेल्या पैशांत वडवणीला स्टँडमागं एक लहानसं दुकान झालं. निघताना म्हणाला, "तिथं आरशात नुसती भित दिसती, शेठ. तुमी न्हाई." मला फार वाईट वाटलं.

माझ्याकडे एकही शेअर नाही. तरी बाजार पडल्याची बातमी लागली की माझी नजर समोर जाते. तिथून आता ट्रक जातात, आणि मी त्यांच्याकडे बघून हसत असतो.