लिंबोला मराठी शब्द

माझा धाकटा भाऊ इनास पुस्तकाला चिकटला की गुळाला चिकटलेला मुंगळा परवडला. बेळगावच्या बोर्डिंगात तो मॅट्रिकला होता. सेहेचाळीसच्या नाताळच्या सुट्टीत माधवनगरला आला तो पोतंभर इंग्रजी पुस्तकं घेऊन. आईनं कपाळाला हात लावला. पप्पा गिरणीत फिटर. त्यांना तो आपल्या हाताखाली हवा होता. इनासला मात्र सेमिनरीत जाऊन पाद्री व्हायचं होतं. देवापेक्षा तिथल्या भिंतभर पुस्तकांचीच तुला ओढ जास्त, असं मी चिडवायची. तो नाही म्हणायचा नाही.

गिरणीच्या चाळीत आम्हा ख्रिस्ती लोकांची मोजकीच घरं. कायमचा पाद्री नव्हता. नाताळ जवळ आला की रोज संध्याकाळी एकेका खोलीत जमून आम्ही माळेची प्रार्थना करायचो आणि मग इनास संतांच्या गोष्टी वाचायचा. हातात पुस्तक इंग्रजी, तोंडातून मराठी, तेही न अडखळता. सगळ्यांत पुढं मनुबाई बसायची. ती गिरणीत सुताच्या कांड्या भरायची. त्या पावसाळ्यात ती बाळंतपणाला मलकापूरला, हिंदू माहेरी गेली होती. मुलगा झाला आणि दुसऱ्याच दिवशी गेला. बाप्तिस्मा राहिला; तिथं पाणी घालणार कोण? तेव्हापासून ती कुणाशी फारशी बोलत नसे, पण वाचन तिनं एकदाही चुकवलं नाही.

नाताळच्या सकाळी मिस्सा, म्हणजे सणाची उपासना, द्यायला फादर लोबो बेळगावहून आले. ते मूळचे मंगळूरचे. त्यांची कोकणी आम्हा गोवेकरांना निम्मीच कळायची, मराठी माणसांचं तर बोलायलाच नको. पप्पांचं मराठी नटबोल्टापुरतं, त्यामुळे फादरांचं बोलणं इनासच मराठीत सांगायचा. सहा जानेवारीला, तीन राजांच्या सणाला परत येईन आणि पोराला सेमिनरीत नेईन, असं फादर आल्या आल्या पप्पांना बोलले होते. कुरकुर करत का होईना, पप्पा कबूल झाले होते. इनासचे पाय जमिनीवर नव्हते.

मिस्सा संपली तशी मनुबाई पुढं आली. माझं बाळ आता कुठं आहे, एवढंच तिनं विचारलं. फादर वाईट माणूस नव्हते, पण जे शिकले होते तेच ते सांगणार. बाप्तिस्मा न झालेली बाळं लिंबोत जातात, म्हणाले. तिथं दुःख नाही, पण देवाचं दर्शनही नाही. एवढी पुस्तकं पालथी घातलेल्या माझ्या भावाला लिंबोला मराठी शब्द सापडेना. मग तो म्हणाला, "मनुबाई, तो स्वर्गात आहे. देवाच्या मांडीवर."

मनुबाई पदरात तोंड घालून रडली. बाळ गेल्यापासून ती पहिल्यांदाच रडली.

पण कोकणी आणि मराठी सख्ख्या बहिणी, हे इनास विसरला. कोकणीत स्वर्गाला सर्ग म्हणतात; फादरांच्या तोंडून तो शब्द निघालाच नव्हता, आणि कानावर मात्र स्वर्ग पडला. त्यांनी इनासला बाजूला घेतलं. रागावले नाहीत, नुसतं म्हणाले, जो आपल्या पदरचं घालतो त्याच्या हाती शुभवर्तमान देता येत नाही. तीन राजांच्या दिवशी सगळ्यांसमोर खरं काय ते सांग, मग चल माझ्याबरोबर.

मधल्या दिवसांत मनुबाई नळावर बायकांशी बोलू लागली. इनाससाठी शेंगांची चटणी घेऊन आली. एक वाक्य तर आहे, टाक सांगून, असं मी त्याला म्हटलं. तो म्हणाला, मग तूच सांग. मी तिची रिकामी वाटी परत द्यायला गेले आणि न सांगताच माघारी आले.

तीन राजांचा सण आला. इनास सगळ्यांसमोर उभा राहिला आणि त्यानं तोंडच उघडलं नाही. वाट पाहून फादर पप्पांकडे वळले. पप्पांनी फादरांचा शब्द कधी मोडला नव्हता.

"मनुबाई, पोरगं सर्गात न्हाई," पप्पा म्हणाले. "भाईर हाय. दुखत-खुपत न्हाई, पर त्येला देव दिसत न्हाई."

मनुबाई उठून निघून गेली. फादर दुपारच्या गाडीनं एकटेच परतले. तेल गेलं, तूप गेलं, आणि धुपाटणं म्हणून गिरणीची नोकरी तेवढी उरली. उद्यापासून माझ्याबरोबर यायचं, असं पप्पांनी त्याच संध्याकाळी सांगून टाकलं.

इनासनं ते ऐकलं की नाही कोण जाणे. त्यानं पुस्तक उचललं आणि तो मनुबाईच्या खोलीकडे निघाला. मला राहवेना, म्हणून मीही मागोमाग गेले. ती चुलीपुढं बसली होती. त्यानं माफी मागितली, मग खाली बसून पुस्तक उघडलं. तिनं त्याला थांबवलं. आवाजात राग नव्हता.

"इनास, पुस्तकं तुजी इंग्रजीत," ती म्हणाली. "आमाला काय कळतंय? इतकं दिस तू वाचून दावलंस, त्ये तरी त्यात लिवल्यालं हुतं का रं?"

त्यानं त्या गोष्टींत एक शब्दही पदरचा घातला नव्हता. मलाही शाळेपुरतं इंग्रजी येत होतं; मी शेजारी बसून ओळ न् ओळ पाहिली होती. मी तसं मनुबाईला सांगितलंही. तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाली, "तू त्याची भनच की."