कड्यावरची पाटी

जानकीवहिनींचा फोन एसटीडी बूथवरून आला होता. मागे रिक्षांचा गोंगाट. "अक्का, हे गेले," एवढंच त्या म्हणाल्या आणि फोन कट झाला. मी रिसीव्हर तसाच धरून स्वयंपाकघरापर्यंत गेले, वायर ताणली गेली तेव्हा थांबले. त्याला आता दीड महिना झाला, पण अजून एका जागी बसवत नाही.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला बँकेनं माझी बदली तंजावरला केली. राजवाड्यामागच्या गल्लीत सेतुमाधवराव आणि जानकीवहिनींच्या माडीवर मी भाड्यानं राहिले. सेतूराव कालव्यांच्या कचेरीत ड्राफ्ट्समन. वयानं मोठे असून मला अक्का म्हणत. त्यांच्या पायाला भिंगरी होती. संध्याकाळी कॉफी झाली की वही काखेत मारून निघायचे ते थेट कावेरीच्या बाजूला, आणि येताना कुठली तरी कमान, कुठलं तरी दार काढून आणायचे. पूर्वज मराठा राजांबरोबर तिकडे गेलेले; त्यांची ती तीनशे वर्षांपूर्वीची मराठी ऐकून मी हरखून गेले होते. मी त्यांना माझी मराठी पुस्तकं वाचायला द्यायची. आठवड्यानं ती खाकी कव्हर घालून परत यायची. "कसं वाटलं?" विचारलं की म्हणायचे, "फार बरं आहे, अक्का." मला कौतुक... कसलं कौतुक, शहाणपणा मिरवायची हौस!

माझं माहेर कोकणात, समुद्राकाठी. आमच्या गावाहून दीपगृहापर्यंत कड्याच्या काठाकाठानं पायवाट जाते. डावीकडे करवंदीची जाळी, उजवीकडे एकदम खाली समुद्र. सेतूरावांनी जन्मात डोंगर पाहिला नव्हता. तंजावरात जमीन म्हणजे ताटासारखी. एका दिवाळीत मी त्या दोघांना घेऊन गेले. वाटेला लागल्याबरोबर सेतूराव सुटलेच. जानकीवहिनी चपला हातात घेऊन माझ्याबरोबर. तासाभरानं वळणावर पाटी दिसली, लाल रंगात, ग्रामपंचायतीची: पुढे कडा ढासळला आहे. जाऊ नये. आणि पाटीच्या पलीकडे, ओल्या मातीत, सेतूरावांच्या चपलांचे ठसे.

मी धावले. वाट जिथे तुटली होती तिथे, हातभर अंतरावर ते उभे होते, खाली वाकून पाहत. त्यांच्या पायाखालून माती सुटत होती. मी दंडाला धरून ओढलं तसे आम्ही दोघंही करवंदीत पडलो.

"पाटी दिसली नाही तुम्हाला?"

"दिसली, अक्का. अक्षर बरं होतं, वहींत काढूनही घेतलों."

मला वाटलं थट्टा करतायत. मागून जानकीवहिनी धापा टाकत आल्या. "त्यांस नागरी वाचतां येत नाही, अक्का. आमच्या घरांत कोणासच येत नाही. शाळेंत तमिळच शिकलों."

"मग माझी पुस्तकं?"

सेतूराव ओशाळून हसले. "प्रेमानं दिलांत. नको कसं म्हणूं?"

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण माझी जीभ म्हणजे... मी म्हटलं, "पाटी वाचता येत नाही, मग असली कसली मराठी तुमची!"

त्यांनी वही झटकली, काखेत मारली. परतताना प्रथमच ते आमच्या मागून चालत होते.

पुढे माझी बदली झाली. माफी मागायची राहिली. त्यांना अवघडायला नको म्हणून मी पत्रं इंग्रजीत लिहू लागले, निदान मी स्वतःला तसं सांगत होते. त्यांची उत्तरंही इंग्रजीत यायची, अदबशीर आणि थोडक्यात.

गेल्या आठवड्यात तंजावरला जाऊन आले. जानकीवहिनींनी ती वही माझ्या हातात दिली. कमानी, दारं, एक दीपगृह, आणि मग ती पाटी. खिळ्याच्या गंजासकट, एकही काना न चुकता काढलेली. खाली तमिळमध्ये अर्थ. त्याच्याही खाली, वेगळ्या शाईत, पहिलीतल्या मुलासारखं थरथरतं नागरी अक्षर: "अक्का, आतां वाचतां येतें."

"हे कधी शिकले?"

"तुम्ही गेल्यावर वर्षभरांत. वाचनालयांतल्या एका म्हाताऱ्यांकडे जात. कळवा म्हटलं तर म्हणाले, अक्काचं पत्र मराठींत येईल तेव्हां मराठींतच उत्तर देतों." वहिनींनी पदरानं डोळे पुसले. "टपाल आलं कीं आधीं पाकीट उघडून बघत, कोणतं अक्षर आहे तें."

वही माझ्या टेबलावर आहे. रोज सकाळी पत्र लिहायला बसते, उठते, खिडकीशी जाते, पुन्हा बसते. कागदावर "प्रिय सेतूराव" एवढंच आहे, मोठ्या, सुट्या अक्षरात.