वकिलीणमामीची हार

नऊवारीचा काष्टा घट्ट खोचून, डोक्यावरचा पदर ढळू न देता बॅकहँड मारणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली. ती म्हणजे आमची वकिलीणमामी. तिची रॅकेट स्वयंपाकघरात चाळणीशेजारच्या खुंटीवर असे. डाळ शिजेपर्यंत ती परसातल्या भिंतीवर चेंडू बडवून यायची. भिंतीचे पोपडे निघाले की मामा कुरकुरत. मग मामी ऐकवी, "तुमी कोर्टात घसा खरवडता, म्या काय म्हणते का?"

तो निजामाचा काळ. धाराशिवला दर हिवाळ्यात अंमलदारांच्या क्लबात टेनिसची जिल्हा स्पर्धा भरे. बायकांच्या एकेरीच्या दिवशी कोर्टाभोवती कनाती लागत. आत फक्त बायका आणि आम्ही मुली, पंच म्हणून मुलींच्या शाळेतल्या मोठ्या बाई. नवरेमंडळी बाहेर खुर्च्या टाकून नुसत्या चेंडूच्या आवाजावरून कोण जिंकतंय ते सांगत आणि बहुतेक वेळा चुकत.

एका वर्षी मामी अंतिम सामन्यात पोचली. समोर जिल्ह्याच्या तालुकदारसाहेबांची, म्हणजे कलेक्टरांची, बेगम! मामांची सरकारी वकिलाची नेमणूक नेमकी त्याच साहेबांच्या सहीसाठी अडली होती.

"बेगमसाहेबांना जिंकू दे. तुझं काय जातंय?" मामा म्हणाले.

मामीचं बरंच काही जात होतं. वर्षभर तिला त्या करंडकाचा ध्यास होता. पण संसार म्हटल्यावर ती मुकाट्यानं हो म्हणाली.

आणि इतकं वाईट खेळू लागली की आम्हालाच लाज वाटली. नाटक तिला मुळीच जमत नसे. चेंडू जाळ्यात घालायचा तर त्यासाठीही ती नीट नेम धरी! शेवटी बेगमसाहेब जाळ्याशी आल्या.

"ऐसा नक्को खेलो, बाई. जिस जिले में जाती, मेरेकू जिताते. एक दफा तो सच्चा खेलो."

मामीनं काष्टा पुन्हा खोचला. "बघा हं, मग रडायचं न्हाय."

आधीचं सगळं रद्द करून दोघींनी पहिल्यापासून सुरुवात केली. मामीचा पदर पडला तो तिनं उचललाही नाही. मोठ्या बाई गुण मोजायचं विसरून टाळ्या पिटू लागल्या. मामी जीव तोडून खेळली आणि थोडक्यात हरली. घामानं निथळत ती बेगमसाहेबांच्या गळ्यात पडली, तेव्हा तिच्याइतकं खूश त्या कनातीत कुणी नव्हतं.

बाहेर निकाल कळताच मामा लगबगीनं पुढं आले. "शाब्बास! काय झकास हरलीस!"

मामी पेटलीच. "हरले न्हाय म्या! तिनं हरवलं मला!"

मामांना यातला फरक कळेना. नेमणूक झाली, पेढे वाटले गेले, मामीनं एकाला हात लावला नाही. पाहुण्यांसमोर मामा "हिनं माझ्यासाठी सामना सोडला" असं सांगू लागले की आतून भांडी आदळल्याचा आवाज येई.

पुढं साहेबांची बदली झाली. निरोपाला आम्ही येडशीच्या स्टेशनावर गेलो. जनान्या डब्याच्या पडद्याआडून बेगमसाहेब मामांना म्हणाल्या, "वकीलसाब, उस दिन आपकी बाई ने मेरी जान निकाल दी. कैसी जीती, मेरेकूच मालूम."

गाडी हलली तशी मामी पडद्यातून आलेला हात धरून रडत चालत राहिली. ती आठवली की आजही मला भरून येतं.

परतताना मामा हळूच म्हणाले, "खरंच इतकं चांगलं खेळतेस तू?"

मामीनं डोळे पुसले. "आता कुणासंगं खेळून दाखवू तुमाला?"