सीआयडी आजींची लॅटिन मिस्सा

सीआयडी आजी दाराची साखळी न काढताच माणसाची सगळी चौकशी करत. पीएचडीसाठी जर्मनीत कार्ल्सरूहेला गेले, तेव्हा त्यांच्या वरच्या मजल्यावरची खोली बघायला मी जिन्यात उभी होते आणि फटीतून एक निळा डोळा मला विचारत होता, "भारतातली? आणि कॅथलिक? कसं काय?" मी वसईची, आमच्याकडे गावोगाव चर्च आहेत, असं सांगितलं. "मग प्रभूची प्रार्थना म्हणून दाखव." मी मराठीत म्हटली. "लॅटिन येत नाही?" "नाही." "हं." खोली मिळाली, विश्वास मिळाला नाही. सीआयडी हे नाव आमच्या मराठी मित्रमंडळींनी ठेवलं, ते त्याच संध्याकाळी.

चर्च त्यांच्या गल्लीच्या कोपऱ्यावरच होतं. तरी दर रविवारी त्या ट्राम पकडून शहराच्या टोकाला, एका बंद पडलेल्या गालिच्याच्या दुकानात मिस्सेला, म्हणजे सामूहिक उपासनेला, जात. साठच्या दशकानंतर मिस्सा लोकांच्या भाषेत होऊ लागली, फादर लोकांकडे तोंड करून उभे राहू लागले; आजींच्या मते तिथेच चर्चचं वाटोळं झालं. त्यांचा गट जुन्या लॅटिनला चिकटून राहिला. पुढे गटाने पोपना न विचारता स्वतःचे बिशप नेमले आणि रोमने त्या बिशपांना बहिष्कृत केलं. आजींचा धाकटा भाऊ योझेफ मात्र कोपऱ्यावरच्या चर्चमध्ये डीकन झाला, म्हणजे वेदीवर फादरांना मदत करणारा संसारी सेवक. भाऊ-बहीण एकाच गल्लीत राहत आणि एकमेकांना पाहून फुटपाथ बदलत.

मी कोपऱ्यावरच्या चर्चला जायचे, त्यामुळे मी योझेफची माणूस असणार हे आजींनी धरूनच चाललं होतं. परत आले की जिन्यातच उलटतपासणी. "कोण बोललं तुझ्याशी? माझ्याबद्दल काय विचारलं?" खरं सांगायचं तर माझंही मन स्वच्छ नव्हतं. गुरुवारी त्यांच्याकडे काळ्या कोटातली माणसं यायची, दार लागायचं, आवाज खाली जायचे. ही माणसं नेमकी कोण आहेत, नुसत्या लॅटिनसाठी कुणी इतकं कुजबुजतं का, असं मला वाटत राहायचं.

मग रोमहून परवानगी आली की जुनी मिस्सा कुठल्याही चर्चमध्ये करता येईल. योझेफ आमच्या दाराशी आला. साखळी लागलेलीच होती.

"महिन्यातून एक रविवार आम्ही लॅटिन मिस्सा ठेवतोय," तो म्हणाला. "तुम्हा सगळ्यांना बोलावलंय. तू ये."

"आल्झो, म्हणजे आता आमची आठवण झाली? तुमचे बाक रिकामे पडले म्हणून?"

"तू माझी बहीण आहेस म्हणून."

"हे तुला फादरांनी शिकवून पाठवलंय," असं म्हणून त्यांनी दार लावलं.

पुढे पोपनी त्या बिशपांवरचा बहिष्कारही उठवला. पण त्यांच्यातल्याच एकाने ज्यूंच्या हत्याकांडाबद्दल टीव्हीवर नको ते बोलून ठेवलं होतं. सगळी जर्मनी पेटली. त्या रविवारी रस्त्यावर बर्फ गोठला होता, म्हणून आजींनी आधाराला मला बरोबर नेलं. दुकानाच्या दारात माझं उघडं डोकं बघून बायका थबकल्या. आजींनी पिशवीतून दुसरा स्कार्फ काढून माझ्या डोक्यावर बांधला. मिस्सा मात्र विलक्षण होती. इतकी शांतता मी कुठल्याच चर्चमध्ये ऐकली नव्हती.

नंतर कॉफी होती. गटातले एक वजनदार गृहस्थ बिशपांची बाजू घेत म्हणाले, "किती मेले ते कुणी मोजलंय? सगळं फुगवून सांगतात."

आजींनी कप खाली ठेवला. "आमच्या समोरच्या घरात रूथ राहायची. माझ्याबरोबर अंगणात खेळायची. तिला आईबापांसकट गाडीत घालून नेलं, ते मी खिडकीतून बघितलंय. ती कुठे आहे, सांगा मला."

एक बाई हळूच म्हणाली, "इथे राजकारण नको."

आजींनी कोट उचलला. ट्राममध्ये त्या खिडकीबाहेर बघत होत्या. "मी आयुष्यभर सगळ्यांवर नजर ठेवली," त्या म्हणाल्या. "ह्यांच्यावर तेवढी ठेवायची राहिली."

पुढच्या महिन्यात त्या कोपऱ्यावरच्या चर्चमध्ये लॅटिन मिस्सेला आल्या. शेवटच्या बाकावर, कोट न काढता, पर्स घट्ट धरून. शेजारची बाई उठून पलीकडे बसली. मिस्सा संपल्यावर त्याच बाईने विचारलं, "तुम्ही त्या लोकांतल्याच ना?" मला राग आला. आजींना आला नाही. "संशय येणं बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "तुमच्या जागी मीही उठले असते."

योझेफ वेदीवरून धावतच खाली आला आणि जवळ येऊन अवघडून थांबला. आजींनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"वाळलास," त्या म्हणाल्या. "जेवायला ये."

तो आला. जेवताना त्या त्याच्या हेतूंबद्दल शंका काढतच होत्या, पण ताटात दुसऱ्यांदा बटाटे वाढून.

मी वसईला परतल्यानंतर काही वर्षांनी योझेफचा फोन आला. आजी गेल्या होत्या. गटातलं कुणी आलं नव्हतं. त्याने कोपऱ्यावरच्याच चर्चमध्ये त्यांच्या अंत्यविधीची मिस्सा करवली, पूर्ण लॅटिनमध्ये, आणि बायबलचं वाचन स्वतः केलं. शेवटची दोन वर्षं त्या जेवणाच्या टेबलावर बसवून त्याच्याकडून उच्चार घोटून घेत होत्या, हे मला तेव्हा कळलं.

"एका जागी मी चुकलो," तो म्हणाला. "आणि थांबलो. मला वाटलं, आता ती ओरडेल."