प्रत्येक फोटोतलं झुडूप

ऑफिसात त्यांना सगळे चिरतरुण म्हणत, आणि गंमत म्हणजे हे नाव त्यांच्या कानावर आलेलं होतं आणि त्यांना ते आवडतही होतं. साठीला टेकलेला माणूस, पण डोक्यावर एवढं काळंभोर रान की नवीन आलेला कुणीही आधी केसांकडे बघे आणि मग चेहऱ्याकडे. केस दाट होते ते देवाच्या कृपेनं आणि काळे होते ते बायकोच्या. अधूनमधून एखाद्या रविवारी ती त्यांना स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसवी, खांद्यावर जुना टॉवेल टाकी आणि भिंत रंगवावी तशा मन लावून कलप लावी. बाहेर कुणी विचारलंच, तर चिरतरुण म्हणत, "आमच्या घराण्यातच पिकत नाहीत." बायको हे ऐकून घेई. ती समजूतदार होती.

त्यांचं काम होतं जंगलातली पानं मोजण्याचं. एकेक करून नव्हे, तेवढी मती कुणाचीच फिरलेली नव्हती. एक सतरंजी मावेल एवढी जमीन घ्यायची, आणि तिच्या डोक्यावर जेवढी म्हणून पानं आहेत ती उतरवून तिच्यावरच अंथरली तर किती थर होतील, एवढाच प्रश्न. त्यावरून जंगल पाणी किती पितं, हवा किती घेतं, वाढतंय की खंगतंय, ते बाईंना कळे. बाई म्हणजे संस्थेच्या मुख्य. हे थर उपग्रह वरून सांगायचा. जंगलावरून जाता जाता पानांवरून परत आलेला उजेड तो टिपी आणि त्यावरून संगणक हिशेब मांडी. पण वरून बघणाऱ्याचं खरं धरायचं तर कुणीतरी खालूनही बघायला हवं, आणि ते कुणीतरी म्हणजे चिरतरुण. उपग्रहाला ते 'वरचे साहेब' म्हणत. त्यात आदर बेताचाच असे.

खालून बघायची रीत अशी. ठरलेल्या जागी छातीइतक्या उंचीवर कॅमेरा लावायचा, भिंग थेट आभाळाकडे. भिंग असं फुगीर की एका गोल फोटोत चहूकडचं सगळं आभाळ मावतं. फोटोतलं उजळ ते आभाळ आणि काळं ते पान, असं संगणक धरून चालतो. या भिंगाची खोड एकच, आजूबाजूचा माणूसही त्यात येतो. म्हणून बटण दाबणाऱ्यानं नेहमी दक्षिणेच्या बाजूला, कॅमेऱ्याच्या खाली चक्क उकिडवं बसायचं. लांबून बटण दाबायचा रिमोटही संस्थेनं आणला होता, पण चिरतरुणांच्या मते तो आळशांसाठी होता. तो कपाटात पडून होता, पाकीटसुद्धा फोडलेलं नव्हतं.

आणि इथंच घोडं अडलं होतं. गेल्या काही वर्षांत त्यांच्या गुडघ्यांनी कुरकुर सुरू केली होती. आधी बसताना, मग उठताना, मग दोन्ही वेळा. पण हे सांगायचं कुणाला? कंबर धरली म्हणून कबूल करणाऱ्या ड्रायव्हरला संस्थेनं स्टोअरमध्ये खुर्ची दिली होती. तो आता दिवसभर दाराकडे बघत बसे आणि कुणी आलं की उगाचच उठून उभा राही. चिरतरुणांना त्या खुर्चीची मनापासून धास्ती होती. जंगलात गेल्याशिवाय त्यांना महिना गोड लागत नसे. म्हणून त्यांनी बसणं सोडलं नाही, फक्त कमी केलं. पहिल्या वर्षी थोडं कमी, पुढच्या वर्षी आणखी थोडं. शेवटी शेवटी तर नुसती मान आत ओढून, आदबीनं वाकल्यासारखं करत आणि बटण दाबून मोकळे होत.

तिकडे ऑफिसात आनंदीआनंद. खालच्या मोजणीत जंगल वर्षागणिक दाट होत चाललेलं दिसत होतं. वरचे साहेब मात्र एकाच आकड्यावर ठाण मांडून बसलेले. बाईंनी त्याचं कारणही शोधलं. पानांवर पानं फार दाटली की वरून बघणाऱ्याला मागची पानं दिसेनाशी होतात आणि त्याचा आकडा पुढे सरकत नाही. हे शास्त्राला धरूनच होतं. तेव्हा आता खालच्या मोजणीप्रमाणे उपग्रहाचं सूत्रच बदलायचं आणि आसपासच्या सगळ्या जंगलांना लावायचं, असं ठरत आलं. चिरतरुणांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. "साहेबांना आता चष्मा लागलाय," असं ते चहाच्या टेबलावर दोनदा म्हणाले.

सूत्र पाठवण्याआधी बाईंनी गेल्या काही वर्षांचे सगळे फोटो भिंतीवर मोठे करून लावले. बघता बघता त्या थांबल्या.

"हे काठावरचं झुडूप कसलं आहे? प्रत्येक फोटोत आहे."

खरंच होतं. गोल फोटोच्या खालच्या काठावर, प्रत्येक वेळी त्याच जागी, एक काळा, गोलसर, दाट गुच्छ.

"जुन्या फोटोंत नाहीये," संगणक सांभाळणारा पोरगेला इंजिनिअर म्हणाला. "हळूहळू वाढत गेलंय. आणि नेहमी दक्षिणेलाच उगवतं. भलतंच शिस्तीचं झुडूप आहे."

"बाहेरून आलेलं तण असेल तर सगळं जंगल खाईल," बाई काळजीनं म्हणाल्या. "तुम्ही बघितलंय का हो हे?"

चिरतरुणांनी मान पुढे काढून निरखून बघितलं. "आहे खरं काहीतरी. पण नेमकं लक्षात येत नाही."

"मग असं करा, फोटो घेऊन जा, आणि पुढच्या फेरीला त्याची एक फांदी तोडून आणा."

तो फोटो संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर पडला होता. बायको भाजी चिरत होती. तिनं सुरी खाली न ठेवताच फोटोकडे नजर टाकली.

"तुमचं डोकं कशाला छापलंय एवढं मोठं?"

"डोकं काय, झुडूप आहे ते. दुर्मिळ असेल."

"दुर्मिळ आहेच." तिनं सुरीच्या टोकानं दाखवलं. "हा मागचा भोवरा बघा, कसा ताठ उभा राहिलाय. संसार सुरू झाल्यापासून पाणी लावून बसवतेय मी याला, मेला बसत नाही. आणि हा तुमचा कान."

चिरतरुण फोटोवर वाकले. भोवरा त्यांनी कधी पाहिलाच नव्हता. पण कान ओळखीचा होता.

"फांदी हवीय ना त्यांना?" बायको म्हणाली. "थांबा, कात्री देते."

तेवढ्यात तिला पुढचं सुचलं, आणि तिचा आवाज बदलला. "पण डोकं वर कसं आलं? तुम्ही खाली बसत नाही?"

"बसतो की."

"स्टुलावरून उठताना ओट्याला धरून उठता तुम्ही. मला काय दिसत नाही? केसांचं मी बघते हो, पण गुडघ्यांना कुठला कलप लावू?"

त्यांनी फोटो उलटा करून ठेवला. मग म्हणाले, "मला खुर्चीवर बसवतील गं. भीती वाटते मला त्याची." एवढं सरळ ते तिच्याशीही कधी बोलले नव्हते. गप्प राहावं, असंही मनात येऊन गेलं. एखादी फांदी तोडून नेली तर कुणाला कळणार होतं? पण मग ज्या जंगलांत त्यांनी पाऊलही ठेवलं नव्हतं, तिथंही त्यांच्या डोक्याच्या हिशेबानं पानं वाढणार होती. हे त्यांच्या घशाखाली उतरेना.

सकाळी त्यांनी फोटो बाईंच्या टेबलावर ठेवला. "झुडूप माझं आहे," ते म्हणाले. "गुडघे वाकत नाहीत. वर्षं झाली. लपवलं मी."

बाईंनी फोटो पाहिला, मग त्यांना पाहिलं, मग म्हणाल्या, "जरा पाठमोरे व्हा." ते झाले. इंजिनिअर हसू दाबायला खिडकीकडे गेला. बाई हसल्या नाहीत. संध्याकाळपर्यंत प्रत्येक फोटोतला तेवढा काप वगळून नव्यानं हिशेब केला गेला, आणि वाढ साफ गायब झाली. जंगल होतं तेवढंच होतं. वरचे साहेब इतकी वर्षं एकटेच खरं बोलत होते.

"हा चढता आलेख जंगलाचा नव्हता," बाई म्हणाल्या. "तुमच्या गुडघ्यांचा होता. आज पाठवणार होते मी हे. समजतंय तुम्हाला?"

"समजतंय."

"त्यात केस एवढे काळे," इंजिनिअर हळूच म्हणाला. "पांढरे असते तर निदान आभाळात जमा झाले असते."

आता बाईंनाही राहवलं नाही. चिरतरुण मात्र हात बांधून उभे होते. "मग, स्टोअरमध्ये कधीपासून बसू?" त्यांनी विचारलं.

बाई उठल्या, कपाट उघडलं आणि रिमोटचं पाकीट त्यांच्या हातात ठेवलं. "कॅमेरा लावायचा, लांब झाडाच्या खोडामागे जायचं आणि बटण दाबायचं. लपण्याचा सराव तुम्हाला आहेच. एक अट आहे, एकट्यानं जायचं नाही. आणि डॉक्टरला दाखवायचं."

म्हणून पुढच्या फेरीला बायको बरोबर गेली. इतकी वर्षं ऐकत आलेलं जंगल ती पहिल्यांदाच बघत होती. त्यांनी कॅमेरा लावला, तिला हाताला धरून एका जाड बुंध्यामागे नेलं आणि रिमोट काढला. भिंगात यायला नको म्हणून दोघं एकमेकांना चिकटून उभी राहिली. महिना उलटला होता, कलप लावायचा राहिला होता, आणि त्यांच्या कानशिलांवर पांढरं उगवलं होतं. तिनं ते पाहिलं. ती मान वर करून पानांकडे बघत राहिली.

"अहो, तुम्ही सांगत होतात त्यापेक्षा खूपच दाट वाटतंय की."

"वाटतं," चिरतरुण म्हणाले. "मोजलं की तेवढंच भरतं."

मग त्यांनी तिची मान हलकेच बुंध्यामागे ओढली आणि बटण दाबलं.