किसनच्या वहाणा

चामड्याचं काम करणाऱ्याच्या बसायच्या पोत्याखाली तुकडे साठतात. टाकवत नाहीत आणि कामालाही येत नाहीत. किश्श्यांचं तसंच. तिसगावच्या बाजारात जन्म गेला, त्यामुळे माझ्याकडे दोन्हींचा ढीग आहे. शाळा जेमतेम चौथीपर्यंत झाली, म्हणून थोडक्यात सांगतो.

आमच्या भागातली माणसं दसरा झाला की ऊसतोडीला जातात. उसाच्या चिखलात चांगली वहाण कुजते. म्हणून जाताना वहाणांचा जोड माझ्या दुकानात खुंटीला टांगून जायचं. मी अधूनमधून एरंडेल चोळून ठेवायचं. कारखान्याचा पट्टा पडला, हंगाम संपला की माणसं परत येतात, जोड घालून घरी जातात. हा रिवाज माझ्या बापापासूनचा.

एकदा ऊसतोडीला निघालेली ठकूबाई ट्रॅक्टरवर चढली आणि परत उतरून आली. मी तिचा जोड एका भिंतीला आणि नवऱ्याचा समोरच्या भिंतीला टांगला होता.

"शेजारी टांगा की वो, मामा."

"तुमचं तर रोज भांडण!"

"म्हनूनच! हितं तरी गपगुमान शेजारी ऱ्हातील!"

* * *

किसन माझा दोस्त. तोही ऊसतोडीचाच गडी. हंगाम सोडला तर बाकीचं वर्ष माझ्या उंबऱ्यावर बसलेला. काम माझं, तोंड त्याचं.

सोनईचा एक जावई सासुरवाडीला आला होता. चामडं मऊ राहावं म्हणून त्यानं नव्या वहाणांना साजूक तूप चोळलं आणि रात्री ओसरीवर ठेवल्या. सकाळी एकच वहाण! ती घेऊन दुकानात आला.

"हिच्या जोडीची करून द्या."

मी काही बोलायच्या आत किसन म्हणाला, "देतील की. पन माप कुत्र्याच्या पोटात हाय, ते आदी घिऊन या!"

जावई सासऱ्याच्या स्लिपर घालून सोनईला गेला.

* * *

याकोब मास्तर चर्चमध्ये पेटी वाजवायचे. त्यांनी जुनी चामडी बॅग दुरुस्तीला आणली. मूठ काळी पडलेली, झिजलेली.

"मूठ बदलतो," मी म्हणालो.

"बाकी काय वाटेल ते कर, रामभाऊ. मुठीला हात लावू नको. वडिलांच्या हातानं काळी झालीय ती."

मी बॅग चकचकीत केली. मूठ तशीच ठेवली. मास्तर गेल्यावर किसन बराच वेळ गप्प. मी म्हटलं, याला ताप आला की काय! मग त्यानं वहाणेतून पाय काढला. अंगठ्याच्या जागी चामड्यावर काळा, खोल ठसा होता.

"रामा, म्हंजे माज्या वहानंवर नाव लिवायची गरज न्हाई."

"तुला लिहिता कुठं येतं?" मी म्हणालो.

* * *

माझ्या शिवणीला नाव ठेवलेलं मला चालत नाही. चाललेलं नाही कधी.

एका टेम्पोवाल्यानं भरबाजारात मी शिवलेला पट्टा दाखवला. "शिवण ढिली हाय तुमची!" मी पट्ट्याचं एक टोक दुकानाच्या खांबाला बांधलं, दुसरं त्याच्या हातात दिलं. म्हटलं, ओढ. त्यानं ओढला. सगळी ताकद लावली. हात सटकला आणि गडी मागच्या बाईच्या वांग्यांत जाऊन बसला!

शिवण होती तशी. किसन त्याला उठवायला गेला, म्हणाला, "उठा, पावनं. बाकीचं भरीत घरी करा."

त्यानंतर बाजारात माझ्या शिवणीला कुणी बोललं नाही.

* * *

मग एका हंगामानंतर ऊसतोडीची टोळी परत आली, किसन आला नाही. मुलाला तिकडच्या कारखान्यात नोकरी लागली, बिऱ्हाड तिकडंच राहिलं. त्याचा जोड माझ्या खुंटीला.

लोक आता प्लास्टिकच्या चपला घेतात. तुटल्या की फेकतात. एकेक खुंटी रिकामी झाली. शेवटी किसनचाच जोड राहिला. मी तेल देतो. पाय नसला की चामडं आखडतं, म्हणून पट्ट्याखाली मूठ घालून ताणतो. फोन मी केला नाही. गेला तो आहे, करायचा तर त्यानं करावा.

माझा मुलगा पोपट नागापूरच्या एमआयडीसीत आहे. दर आठवड्याच्या बाजारला येऊन एकच बोलणं. "दादा, दुकान बंद करा. माज्याकडं चला. कुनासाठी बसताय?"

"लोकांचा माल आहे माझ्याकडे. तो गेला की येतो."

"येकच तर जोड हाय!"

"एक असला तरी मालच."

* * *

पोपटनं मला न सांगता किसनला फोन केला. पुढच्या बाजारला सकाळीच दुकानाचं सामान न्यायला टेम्पो घेऊन आला. दुपारी एसटीतून किसन उतरला. पायात प्लास्टिक.

"रामा, तुज्या पोरानं बोलावलं. जोड न्यायला आलोय."

मी काढून पुढे ठेवला. त्यानं पाय घातला. अंगठा आपल्या ठशात जाऊन बसला. तो वांगीवाल्यांच्या ओळीतून पार टोकापर्यंत गेला. इकडे पोपटनं माझी ऐरण उचलून टेम्पोत ठेवली.

किसन परत आला, टेम्पोतली ऐरण बघितली. वहाणा काढल्या, पट्टा ओढून बघितला.

"रामा, शिवण ढिली हाय."

पोपट होता तिथेच थांबला. वांगीवाली उठून उभी राहिली.

"कुठं?" मी विचारलं.

"ही काय. शिवून ठेव. फुडच्या बाजारला येतो."

मी जोड हातात घेतला. शिवण अंगठ्यानं दाबून बघितली, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"व्हय," मी म्हणालो. "ढिली हाय."

किसननं आपल्या हातानं जोड खुंटीला टांगला, प्लास्टिकच्या चपला घातल्या आणि एसटीकडे निघाला. पोपटनं टेम्पोतून ऐरण खाली उतरवली.