रक्त कडेवरून की आतून?

"तुमच्या रेक्टममध्ये गाठ आहे," नागपूरचे डॉक्टर म्हणाले आणि कागदावर पोटाचं चित्र काढू लागले. रेक्टम म्हणजे मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग. गाठ कॅन्सरची होती. चित्रातल्या पोटावर त्यांनी डावीकडे एक गोल काढला. "इथे स्टोमा करावा लागेल. आतड्याचं टोक बाहेर आणून पोटावर शिवायचं. शौच तिथूनच होईल, पिशवीत."

मी त्या गोलाकडे पाहत राहिले. पुढचं काही ऐकू आलं नाही.

तेलंगणात, आदिलाबादकडच्या बोथजवळच्या एका गावात मी मराठी शाळेत शिकवते. आमचे हे मंचेरियलला कोळशाच्या खाणीत आहेत, शनिवारी घरी येतात. एरवी घरात मी आणि माझे सासरे, मामाजी. त्यांचं सारं आयुष्य दुसऱ्यांच्या शेतात राबण्यात गेलं. लग्नाला अकरा वर्षं झाली, पण खाकरल्याशिवाय ते कधी माझ्या खोलीच्या दारात आले नव्हते.

ऑपरेशन नीट झालं. नंतर पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी धरली, म्हणून रक्त पातळ करणारी गोळी सुरू झाली. ती घेऊनच मी घरी आले.

पहिलं रक्त आठवड्याभरात दिसलं. पिशवी बदलताना स्टोमा पुसला आणि कापडावर लाल ठिपका आला. गाठ परत आली, हाच एक विचार. नागपूरच्या स्टोमा नर्सना फोन केला. या सिस्टर फक्त पिशवीवाल्या पेशंटना शिकवतात.

"दात घासताना हिरड्यातून येतं ना, तसंच हे," त्या म्हणाल्या. "स्टोमाची त्वचा ओठाच्या आतल्यासारखी असते. बारीक रक्तवाहिन्या भरपूर. जोरात पुसलं की येणार. थंड पाण्याचं ओलं कापड दाबून धरा."

धरलं आणि थांबलं. पुढे दोन-तीनदा असंच झालं, आणि मला त्याची सवय झाली.

चुकलं ते इथे. पिशवीच्या कडेने घाण झिरपायची, कातडी जळायची. म्हणून मी पिशवीच्या, पोटाला चिकटणाऱ्या चकतीचं भोक लहान कापू लागले. चकती घट्ट बसायची, बरं वाटायचं. ती कड स्टोमाला खालून घासतेय हे मला कळलंच नाही, कारण स्टोमाला दुखत नाही. त्याला दुखण्याची जाणीवच नसते. त्यात कंबर धरली म्हणून मेडिकलमधून दुखण्याच्या गोळ्या आणून चार दिवस घेतल्या. डॉक्टरांना विचारलं नाही.

पाचव्या दिवशी, सकाळी अकराच्या सुमारास, पिशवी काढली आणि रक्त पोटावरून मांडीवर ओघळलं. कापड दाबलं, भिजलं. दुसरं घेतलं, तेही भिजलं. दुखत काहीच नव्हतं, म्हणूनच जास्त भीती वाटत होती. सिस्टरना फोन लावला.

"आधी मला सांगा, रक्त स्टोमाच्या कडेवरून येतंय की मधल्या तोंडातून, आतून?"

मला दिसत नव्हतं. बसल्या जागी आपल्याच पोटावरची खालची बाजू दिसत नाही. मान वाकवली तर डोळ्यांपुढे अंधारी आली. शेजारची वहिनी कापूस वेचायला गेलेली. घरात फक्त मामाजी.

मी हाक मारली. माझा आवाजच तसा निघाला असावा. ते न खाकरता आत आले.

"काय झालं पोरी?"

"मामाजी, रक्त थांबत नाही. कुठून येतंय ते पाहा लागते."

ते दारातच थबकले. नजर खाली. मी पदराने जमेल तेवढं झाकलं होतं, तरी लाजेने जीव नकोसा झाला. मग त्यांनी चष्मा धोतराला पुसला, डोळ्यांवर चढवला आणि माझ्यासमोर जमिनीवर बसले.

"खालच्या अंगानं येऊन राह्यलं. कातडीपाशी, कडेले. मंधातून नाई येत."

"नक्की ना, मामाजी?"

"नक्की. आतून फक्त घाण आली, तिच्यात रगत नाई."

फोनवर सिस्टरचा श्वास सुटलेला मला ऐकू आला. त्यांनी सांगितलं, "कापडाची जाड घडी करा, गार पाण्यात भिजवा आणि तिथेच दाबून धरा. दहा मिनिटं उचलून पाहायचं नाही. रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, तेव्हा थांबलं तरी दवाखान्यात जायचंच."

खालची बाजू दिसतच नव्हती, घडी नेमक्या जागेवर बसेना. मामाजींनी माझा हात बाजूला केला आणि आपला तळवा ठेवला.

शेजाऱ्यांच्या गाडीतून आदिलाबादला निघालो. मी मागच्या सीटवर आडवी, मामाजी खाली पायांपाशी अवघडून बसलेले. हायवे लागला तरी कापड गरम होतच होतं. मी सारखं विचारत होते, "थांबलं का?" दहा मिनिटं केव्हाच होऊन गेली होती, तरी ते म्हणत, "पाह्यचं नाई सांगतलं ना बाईनं." एकदा मला झोप येतेय असं वाटलं, तेव्हा ते एकदम ओरडले, "पोरी, डोये उघडे ठेव! बोल माह्याशी!" मी शाळेतल्या मुलांची नावं एकामागून एक सांगत राहिले.

दवाखान्यात तपासणीच्या टेबलावर तेलुगू नर्स म्हणाली, "भयपडकु अम्मा." भिऊ नको. मी भीतच होते. मामाजींना हात काढायला सांगितलं तर त्यांची बोटं आखडलेली. नर्सने ती एकेक करून सोडवली.

कडेची एक लहान रक्तवाहिनी उघडी पडली होती. डॉक्टरांनी एक टाका घातला, रक्त थांबलं. हिमोग्लोबिन, म्हणजे रक्तातला लाल अंश, तपासला. तो उतरला होता, म्हणून दोन दिवस ठेवून घेतलं. "दुखण्याच्या गोळ्या बंद, त्यांनी रक्त जास्त वाहतं. रक्त पातळ करायची गोळी मात्र आपल्या मनाने बंद करायची नाही, ते आम्ही ठरवू. रक्त आतून आलं, गुठळ्या पडल्या, पिशवी रक्ताने भरली, चक्कर आली किंवा स्टोमा काळा-जांभळा पडला, तर कुणाला फोन करत बसू नका. सरळ या."

मी घाबरत विचारलं, "गाठ परत आली नाही ना?" ते म्हणाले, "हे रक्त त्याचं नाही. त्यासाठीची तपासणी ठरल्या तारखेला होईलच." ती झाली. आजपर्यंत ठीक आहे.

तुमच्यापैकी कुणाच्या पोटावर स्टोमा असेल तर एवढंच सांगते. पुसताना आलेल्या ठिपक्याला भिऊ नका, पण त्याची सवयही करून घेऊ नका. चकतीचं भोक मापून कापा. आणि घरातल्या एका माणसाला आधीच सगळं दाखवून ठेवा. मी आता आमच्या यांना शिकवलंय; दर शनिवारी ते खालची बाजू पाहतात.

माझी भीती गेलेली नाही. पिशवी काढताना अजूनही आधी श्वास रोखला जातो.

घरी आल्यावर मामाजी दोन दिवस माझ्याकडे बघत नव्हते. तिसऱ्या दिवशी चहा देताना मीच म्हटलं, "मामाजी, तुमचे उपकार कसे फेडू?"

"उपकार कायचे?" ते कपाकडे पाहत म्हणाले. "बाई म्हणे दाबून धरा, मी धरलं."

मग म्हणाले, "तू डोये मिटले तवा मी लई भेलो होतो, पोरी."

मी त्यांच्याजवळच, दारापुढच्या ओट्यावर बसले. आम्ही दोघांनी तिथेच चहा घेतला.